काही व्हत नही, भो!

खान्देशातल्या माणसाला समुद्राची भीती वाटत नाही. कारण साधं आहे, त्याने तो फारसा पाहिलेलाच नसतो. जळगावहून समुद्र गाठायचा तर सुरतेकडे जा नाहीतर मुंबईकडे, तीनशे-चारशे किलोमीटर कुठे गेले नाहीत. आमची तापीसुद्धा समुद्राला भेटते ती सुरत ओलांडून. आमच्यासाठी पाणी म्हणजे मेहरूणचा तलाव, धुळ्याचा नकाणे तलाव, हतनूरचं धरण, गिरणेचे पाट आणि शेतातली विहीर. आणि हीच आमची मंडळी आता थेट अंदमानला निघालीयेत. झुंडीने. दिवाळीत, नाताळात, मे महिन्यात. ज्याने आयुष्यात गणपतीपुळेसुद्धा धड पाहिलेलं नाही तो एकदम बंगालच्या उपसागराच्या मध्यात जाऊन बोटीच्या टपावर उभा राहून सेल्फी काढतो.

जावंच. गैरसमज नको. सेल्युलर जेलमध्ये उभं राहिल्यावर मराठी माणसाला जे होतं ते व्हायलाच पाहिजे. ज्या निळ्या रंगाला आपल्याकडे नावच नाही तो रंग बघायलाच पाहिजे. माझं भांडण जाण्याशी नाही. माझं भांडण जाण्याच्या पद्धतीशी आहे.

आमच्याकडे प्रवासाची तयारी म्हणजे काय, ते आधी सांगतो. दशम्या. तिळाची नाहीतर शेंगदाण्याची चटणी. बिबड्या. दोन किलो शेव, कारण "तिथे काय खायला मिळणार?" वांगी न्यायची आणि तिथल्या हॉटेलवाल्याला पटवून भरीत करायचं, असा बेत आखणारे महाभागही मी पाहिलेत. पोटाच्या बाबतीत खान्देशी माणूस नासाच्या तोडीचं नियोजन करतो. आणि बोट, लाटा, वादळ, औषधं, हॉस्पिटल याबद्दल विचारलं की एकच उत्तर येतं: "काही व्हत नही, भो!"

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: हे अहिराणीत "काही होत नाही रे". तुमच्याकडेही हे वाक्य आहेच, फक्त आमचा हेल गोड आहे. :)

आता हा विषय एकदम डोक्यात का शिरला? तर आई-पप्पा डिसेंबरात अंदमानला जाताहेत. पप्पा रिटायर झाले, गावातल्या मंडळींचा चाळीस जणांचा ग्रूप जमला, आणि एका स्थानिक टूरवाल्याने पॅकेज दिलं. मी पुण्यातून त्या भाऊंना फोन लावला. अगदी नम्रपणे तीन-चार प्रश्न विचारले. बोटीत किती माणसं बसवणार? हवामान बिघडलं आणि बोटी बंद झाल्या तर काय? साठीच्या वरचे किती जण आहेत, आणि त्यांच्यातल्या कुणाला काय आजार आहेत याची यादी तुमच्याकडे आहे का? भाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही टेन्शन घेऊ नका. आजवर काही झालेलं नाही."

आजवर काही झालेलं नाही! अहो, आमच्या धंद्यात हे वाक्य कुणी मीटिंगमध्ये उच्चारलं तर त्याला खोलीबाहेर काढतात. "माझ्या मशीनवर चालतंय" याचाच हा सख्खा भाऊ. दहा वेळा काही झालं नाही याचा अर्थ अकराव्यांदा होणार नाही असा होत नाही. त्याचा अर्थ एवढाच की तुमची टेस्ट अजून झालेली नाही.

आणि यात सगळ्यात जास्त राग मला आमच्याच जमातीचा येतो. आपण आठवडाभर काय करतो? बॅकअपचा बॅकअप ठेवतो. एक सर्व्हर पडला तर दुसरा कुठून उभा राहील याची कागदपत्रं लिहितो. शुक्रवारी संध्याकाळी कोड प्रॉडक्शनला टाकायला घाबरतो. रिस्क रजिस्टर नावाची एक्सेल शीट दर महिन्याला रंगवतो, लाल-पिवळी-हिरवी. आणि तोच इंजिनियर सुट्टीवर गेला की बायको-पोरांसकट अशा बोटीत चढतो जिच्यात लाइफ जॅकेटं किती आहेत हे त्याने मोजलेलं नसतं. कंपनीच्या डेटाबेसला दोन कॉप्या, आणि स्वतःच्या पोराला एकही नाही. वा!

तर बोटीपासूनच सुरुवात करू, कारण बेटावर जायचं म्हणजे बोट आलीच.

१८ डिसेंबर २०२४. गेटवे ऑफ इंडियावरून घारापुरीला, म्हणजे एलिफंटाला, निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. इंजिनाची चाचणी चालू होती आणि तिचा ताबा सुटला. १५ माणसं गेली. घारापुरी हेही बेटच आहे बरं का, आणि उष्ण कटिबंधातलंच. आपण त्याला बेट मानत नाही कारण तिथे जायला विमान लागत नाही. बोटीवर शंभराहून जास्त माणसं होती आणि वाचलेल्यांपैकी कितीतरी जणांनी सांगितलं की अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. नंतर जॅकेट सक्तीचं झालं. नंतर. आपल्याकडे सगळ्या नियमांची जन्मतारीख कुठल्या ना कुठल्या अपघाताच्या दुसऱ्या दिवशीची असते.

२६ जानेवारी २०१४ ला पोर्ट ब्लेअरजवळ 'ॲक्वा मरीन' नावाची पर्यटकांची बोट बुडाली. क्षमता पंचविसाच्या आसपास, वर माणसं चाळीसहून जास्त. वीसपेक्षा जास्त जण मेले. ग्रूप टूरवर आलेली, फोटो काढणारी, तुमच्या-माझ्या आई-वडिलांसारखी माणसं. मे २०२२ मध्ये आपल्या तारकर्लीला स्कूबा करून परतणारी बोट किनाऱ्याजवळ उलटली, दोन जण गेले. किनारा दिसत होता!

आता गंमत बघा. आमच्याकडे पोराला पोहायला शिकवताना काय करतात? पाठीला सुका भोपळा नाहीतर पत्र्याचा रिकामा डबा बांधतात आणि विहिरीत उतरवतात. वर कठड्यावर काका दोर धरून उभा. म्हणजे तरंगायला काहीतरी बांधायचं असतं हे ज्ञान खान्देशात पिढ्यानपिढ्या आहे. त्यात कुणाला लाज वाटत नाही. पण तोच पोरगा तीस वर्षांचा झाला, गॉगल घातला, की त्याला लाइफ जॅकेट म्हणजे अपमान वाटतो. "मला पोहता येतं." अरे बाबा, विहिरीतलं पाणी कुठे जात नाही. समुद्रातलं जातं, आणि जाताना तुला घेऊन जातं. शिवाय बोट उलटल्यावर डोक्याला फळी लागलेली असते, बाजूचा माणूस गळ्यात पडलेला असतो, कपडे अंगाला चिकटलेले असतात. पोहण्याचं सर्टिफिकेट तिथे कोण विचारतंय?

आणि जॅकेट घालणं म्हणजे खांद्यावर टाकणं नव्हे. सगळे बक्कल लावायचे, पट्टे आवळायचे, मग दुसऱ्याने खांद्यापाशी धरून वर ओढून बघायचं. हनुवटी-कानापर्यंत वर आलं तर ते पाण्यात डोक्यातून निघून जाणार. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाला घालणं म्हणजे नुसती समजूत. मुलाच्या मापाचं नाही? मग मूल बोटीत बसणार नाही. इतकं सोपं आहे. पण हे वाक्य चारचौघांत, धक्क्यावर, मागे रांग असताना म्हणायला जी हिंमत लागते ती आपल्यात नाही. बोटवाल्याला आणि टूरवाल्याला हे पक्कं माहीत आहे.

आता माझा खरा मुद्दा. बोटवाला जास्त माणसं का भरतो? खराब हवेत बोट का काढतो? लोभ, हो, तो आहेच. पण धक्क्यावर उभं राहून "आम्ही पैसे भरलेत, बोट का सोडत नाही?" असं ओरडणारे कोण असतात? आपणच. पाच दिवसांचं पॅकेज, त्यात एक दिवस हॅवलॉक, एक दिवस नील, एक दिवस बाराटांग. एक तास इकडेतिकडे झाला की सगळं कोसळतं. हवामान खात्याने लाल बावटा लावला तर आपल्याला तो शिव्या देण्याचा विषय वाटतो. "यांना काही कळत नाही, ऊन तर पडलंय." ज्या बोटवाल्याने "आज नाही" म्हटलं त्याला आपण एक स्टार देतो. ज्याने नेलं त्याला बक्षिसी देतो. सॉफ्टवेअरवाल्यांना वेगळं सांगायला नको, ज्या गोष्टीला बक्षीस मिळतं तीच वाढते.

म्हणून माझं म्हणणं आहे की बेटावर जायचं तर पॅकेजमध्ये एक रिकामा दिवस पाहिजे. कोरा. त्या दिवशी काहीही ठरवायचं नाही. आणि परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री मुक्काम पोर्ट ब्लेअरला, म्हणजे २०२४ पासूनच्या श्रीविजयपुरमला. हॅवलॉकला अजिबात नाही. डिसेंबर २०१६ मध्ये हवा बिघडली आणि हॅवलॉक-नीलवर चौदाशेच्या आसपास पर्यटक अडकले. बोटी बंद, हेलिकॉप्टरं बंद. नौदलाची जहाजं गेली, तीसुद्धा एक-दोन दिवस आत शिरू शकली नाहीत. तेच पुढे 'वरदा' चक्रीवादळ झालं आणि चेन्नईवर जाऊन आदळलं. आता कॅलेंडर काढा. बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचा मुख्य मोसम ऑक्टोबर ते डिसेंबर. आपली दिवाळी कधी? नाताळची सुट्टी कधी? मे महिन्याचं म्हणाल तर मान्सून सगळ्यात आधी अंदमानातच पोचतो, मे संपायच्या आतच. म्हणजे फेब्रुवारी-मार्च हे चांगले महिने सोडून आपण बरोब्बर तेव्हा जातो जेव्हा समुद्र आपल्या बाजूने नसतो. शाळा-ऑफिसमुळे जावं लागतं, कबूल. पण मग बफर ठेवा ना! प्रोजेक्टच्या अंदाजात तीस टक्के बफर घालणारे आपण, सुट्टीत शून्य.

किनाऱ्यावरचं पाणी हा वेगळाच विषय आहे आणि त्यावर मी वाट्टेल तेवढं बोलू शकतो. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका कॉलेजच्या सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले. चौदा. दिवसाढवळ्या. जंजिरा बघायला गेलेली पोरं.

समुद्राचं पाणी लाटेबरोबर किनाऱ्यावर येतं ते सगळीकडून, पण परत जाताना कुठेतरी वाळूत खोल जागा शोधतं आणि तिथून अरुंद पट्ट्याने जोरात आत जातं. या पट्ट्यात लाटा कमी फुटतात. म्हणजे दिसायला तोच भाग सगळ्यात शांत दिसतो. नवखा माणूस काय करतो? "इथे लाटा नाहीत, इथे उतरू." बरोब्बर सापळ्यात. जोरात असला की या प्रवाहापुढे ऑलिंपिकचा पोहणारासुद्धा हरतो. मग माणूस किनाऱ्याकडे तोंड करून हातपाय मारत राहतो, दमतो आणि बुडतो. करायचं काय? भांडायचं नाही. उताणं तरंगायचं, हात वर करून ओरडायचं, आणि जमलं तर किनाऱ्याला समांतर, आडवं सरकायचं. पट्टा अरुंद असतो, तो सुटला की लाटाच परत आणतात. आणि बाहेर उभ्या असलेल्यांनी धडाधड उड्या टाकायच्या नाहीत, दोरी, चेंडू, रिकामा कॅन, तरंगणारं काहीही फेकायचं. एकाला वाचवायला गेलेले चार बुडाल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो, त्या समुद्राच्याच असतात असंही नाही. तापी, गिरणा, पांझरा, सगळीकडच्या.

भरती-ओहोटीचं तर असं आहे की कोकणातला कोळी तिथीवरून तोंडी हिशेब करतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. अमावास्या-पौर्णिमेला भरती सगळ्यात मोठी आणि ओहोटीही तितकीच जोराची. हे अंदाजाचं गणित कोकणापुरतं, अंदमानाला लावू नका, तिथे स्थानिकांना विचारा. पण बघा, आमच्या स्वयंपाकघरात कॅलेंडर टांगलेलं असतं, संकष्टीचा चंद्रोदय मिनिटावर पाठ असतो, आणि त्याच चंद्राने समुद्राचं पाणी हलतं हे नववीच्या भूगोलात मार्कांपुरतं वाचून सोडून दिलेलं असतं.

भूगोलावरून आठवलं. २६ डिसेंबर २००४. सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि कार निकोबारवर अर्ध्या तासाच्या आत लाटा आल्या. इंदिरा पॉइंटची जमीन चार मीटरच्या आसपास खचली, दीपगृहाचा पाया पाण्यात गेला. त्यानंतर, पुन्हा एकदा 'त्यानंतर', हैदराबादला २००७ मध्ये त्सुनामीचा इशारा देणारं केंद्र उभं राहिलं, आणि ते चांगलं काम करतं. पण भूकंपाच्या अगदी जवळच्या बेटावर इशाऱ्यालाही वेळ पुरत नाही. केंद्रबिंदूजवळच्या सिमेलूए बेटावर सत्तर हजारांहून जास्त लोक राहत होते, त्यातले फक्त सात गेले. त्यांच्याकडे ना सायरन होता ना ॲप. १९०७ च्या लाटेची गोष्ट आज्यांनी नातवंडांना सांगितलेली होती: जमीन जोरात हलली आणि पाणी मागे गेलं की डोंगराकडे पळा. त्याच दिवशी थायलंडच्या एका किनाऱ्यावर दहा वर्षांच्या ब्रिटिश मुलीने शाळेत नुकतंच शिकलेलं आठवून सगळ्यांना वर पळवलं. आपण काय केलं असतं? मागे गेलेल्या समुद्राचा व्हिडिओ काढायला पुढे गेलो असतो. खोटं वाटतं? स्वतःला विचारा.

आता उकाड्याबद्दल. हा आमचा अभिमानाचा विषय. "आम्ही भुसावळच्या पंचेचाळीसमध्ये वाढलेलो, आम्हाला काय तिथली तीस-बत्तीस डिग्री!" हे मी लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, ऑफिसात ऐकलंय, पप्पांकडून तर रोज ऐकतोय. याला उत्तर प्रत्येक खान्देशी घराच्या खिडकीतच बसवलेलं आहे: कूलर. जळगावात कूलर झकास चालतो कारण हवा कोरडी, पाणी पटापट उडतं आणि उडताना गारवा देतं. तोच कूलर मे महिन्यात मुंबईत लावून बघा. नुसती दमट हवा अंगावर येते. तुमचं शरीर म्हणजे कूलरच आहे. घाम उडाला तर गार होतं. बेटावर घाम येतो पण उडत नाही. पाणी वाहतंय, मीठ जातंय आणि थंडावा शून्य. म्हणून पंचेचाळीस डिग्रीत शेतात उभा राहणारा माणूस तिथे बत्तीस डिग्रीत जेट्टीच्या रांगेत चक्कर येऊन पडतो. त्याच्या दमाचा, ताकदीचा इथे संबंधच नाही, हे भौतिकशास्त्र आहे. तहान लागायची वाट न बघता पाणी प्यायचं. ओआरएसची पाकिटं न्यायची, नसतील तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. आणि कृपया, "सरबत म्हणून" बीअर नको.

बाकी बारीकसारीक भराभर. अंदमान आपल्यापेक्षा खूप पूर्वेला, पण घड्याळ तेच. डिसेंबरात तिथे पाचलाच सूर्य बुडतो, जळगावात सहाला दहा कमी असताना. म्हणजे साडेचारला "अजून वेळ आहे" म्हणून दूरच्या किनाऱ्याकडे स्कूटर हाणू नका. मगरींच्या पाट्या शोभेसाठी लावलेल्या नाहीत. २०१० मध्ये हॅवलॉकच्या राधानगरजवळ एका अमेरिकन पर्यटक बाईचा खाऱ्या पाण्यातल्या मगरीने जीव घेतला. प्रवाळावर अनवाणी पाय नको. बोट लागण्याची गोळी बोट लागल्यावर घ्यायची नसते, आधी घ्यायची असते. मोठं सरकारी हॉस्पिटल पोर्ट ब्लेअरला, आणि छोट्या बेटावर रात्री काही झालं तर सकाळपर्यंत बोट नाही. म्हणून बीपी-शुगरच्या गोळ्या दुप्पट, दोन वेगळ्या बॅगांत, एक बॅग स्वतःच्या हातात. नेटचं म्हणाल तर ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आली तेव्हापासून खूपच सुधारलंय, पण एका केबलवर आणि यूपीआयवर सगळा भरवसा ठेवणं आपल्यासारख्यांना शोभत नाही. रोख रक्कम न्या. नंबर कागदावर लिहा. तटरक्षक दलाचा १५५४ आणि नेहमीचा ११२.

आणि विमा. बाली-फुकेतला जाणाऱ्या मित्रांनो, हे तुमच्यासाठी. पॉलिसी काढता, चांगलं करता. पण तिच्यातली वगळलेल्या गोष्टींची यादी कुणी वाचली? दारू पिऊन झालेला अपघात, लायसन्सशिवाय चालवलेली स्कूटर, वेगळे पैसे न भरलेले साहसी खेळ, यातलं बहुतेक त्यात येतं. म्हणजे बेटावर तुम्ही नेमकं जे करणार असता तेच. :) आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढायला फार त्रास नाही, पण तिथे जावं लागतं हाच त्रास.

एक गोष्ट मात्र ठासून सांगायचीय. सुरक्षितता म्हणजे फक्त आपली नाही. बाराटांगला जाताना रस्ता जारवांच्या राखीव जंगलातून जातो, गाड्या ताफ्याने सोडतात. थांबायचं नाही, फोटो नाही, खायला द्यायचं नाही, कायद्याने गुन्हा आहे. तरी लोक खिडकीतून बिस्किटं नि केळी फेकतात, प्राणिसंग्रहालयात आल्यासारखी. २०१२ मध्ये यावरून जगभर आपली लाज निघाली. १९९९ मध्ये जारवांमध्ये गोवराची साथ आली होती. आपल्याला जी सर्दी तीन दिवसांत जाते ती त्यांच्यासाठी काय असू शकते याचा विचार करा. केळी पिकवणाऱ्या रावेर-यावलच्या माणसाला दानत आहे, मान्य, पण ती इथे दाखवायची नाही.

आता ठरलेले आक्षेप. एक: "एवढा विचार केला तर माणूस घराबाहेरच पडणार नाही." उलट आहे हो. ज्याने विचार केलाय तोच निवांत बसतो. बोटीत चिडचिड, उलट्या, धावपळ कुणाची असते, एकदा निरीक्षण करा.

दोन: "हे सरकारचं काम आहे." आहेच. क्षमतेपेक्षा एक माणूस जास्त घेतला तर परवाना रद्द झाला पाहिजे, किनाऱ्यावर जीवरक्षक पाहिजेत, आणि हे मागत राहिलं पाहिजे. पण बोट धक्क्यावरून सुटते त्या क्षणी तिथे सरकार नसतं, तुम्ही असता. "मी या बोटीत चढणार नाही" हे म्हणायला कुठल्याच अधिसूचनेची वाट बघावी लागत नाही.

तीन: "ज्याचं जेव्हा यायचं तेव्हा येतं." यावर मी जपून बोलतो, कारण आमच्याकडे ती जखम ताजी आहे. २३ ऑगस्ट २०२४ ला नेपाळात तनहुन जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत बस कोसळली. २७ माणसं गेली, बहुतेक वरणगाव, तळवेल, भुसावळ तालुक्यातली, यात्रेला गेलेली. वायुसेनेच्या विमानाने मृतदेह जळगावला आले. त्या माणसांची काहीही चूक नव्हती. बसमधला प्रवासी दरीच्या रस्त्याला काय करणार? आणि नेमकं म्हणूनच मला ते तिसरं वाक्य सहन होत नाही. काही गोष्टी आपल्या हातात नसतात, हे खान्देशाला कुणी शिकवायची गरज नाही. पण ज्या हातात आहेत, एक बक्कल, एक रिकामा दिवस, गोळ्यांचं दुसरं पाकीट, त्यासुद्धा नशिबाच्या खात्यात टाकायच्या, ही श्रद्धा नाही, आळस आहे. आणि पुढे यादीचा प्रश्न येतो. कुठलाही अपघात झाला की पहिल्यांदा विचारतात, गाडीत नक्की कोण कोण होतं? नाव, वय, रक्तगट, औषधं, घरचा नंबर. एक पानभर कागद. टूरवाल्याकडे एक, गावात घरच्यांकडे एक, प्रवाशाच्या खिशात एक. खर्च: झेरॉक्सचे काही रुपये.

असो. परवा पप्पांशी यावर जोरदार वादावादी झाली. "तू आम्हाला घाबरवतोस" इथपासून "तुला विहिरीत मीच उतरवलं होतं" इथपर्यंत. मी म्हटलं, "हो पप्पा, पण भोपळा बांधून." पलीकडे आई हसायला लागली. तिने त्याच संध्याकाळी ग्रूपमधल्या सगळ्या बायकांना फोन करून औषधांची यादी लिहून घ्यायला सुरुवात केली. चाळीस पैकी एकतीस झाल्यात.

टूरवाल्या भाऊंना मी प्रश्न आता लेखी पाठवलेत. यादी ठेवायला ते तयार आहेत. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला करून दिली, माणशी थोडे पैसे वाढले, कुणी कुरकुर केली नाही. बोटीत किती माणसं बसवणार, याचं उत्तर अजून आलेलं नाही. दर दोन दिवसांनी विचारतोय.